रणांगणातून बांधावर

गेल्या ऑक्टोबरच्या हाफ-टर्ममध्ये मुलांना घेऊन आम्ही वॉरिकशायरमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये गेलो होतो. बाहेर नेहमीचा पाऊस, आत चकचकीत मोटारींच्या रांगा. त्या सगळ्या थाटामाटात एक फिकट हिरवी, चौकोनी, पत्र्याच्या डब्यासारखी दिसणारी गाडी उभी होती. नंबरप्लेटवर ‘एचयूई १६६’. या नंबरावरूनच लोक तिला लाडानं ‘ह्युई’ म्हणतात. १९४८ साली विक्री सुरू होण्यापूर्वी ज्या काही लँड रोव्हर तयार केल्या, त्यांतली ही पहिली. मी मोठ्या भक्तिभावानं हे सगळं सांगायला सुरुवात केली, तर धाकटी म्हणाली, “बाबा, ही तर आजीच्या गावच्या वडापसारखी दिसते!”

वडाप म्हणजे काय, हे सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. एस. टी. चुकली की गावाच्या फाट्यावर जी जीप आपली वाट पाहत असते, ती वडाप. आठ-दहा जणांच्या जागेत अठरा माणसं, वर टपावर पोती, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. “अजून एक शीट” मिळाल्याशिवाय ती हलत नाही.

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पण घरी येऊन थोडं वाचल्यावर लक्षात आलं, की पोरीचं म्हणणं अगदी बरोबर होतं. गेडनची ह्युई आणि आमच्या फाट्यावरची वडाप या सख्ख्या चुलत बहिणी आहेत. दोघींची आजी एकच, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप. युद्ध संपल्यावर अशा जीप आणि मिलिटरी ट्रक लिलावात निघाले, शेतकऱ्यांनी ते घेतले, आणि तिथून दोन देशांत दोन मोठे कारखाने उभे राहिले. याच व्यवहारात काहींचं कल्याण झालं आणि काहींचे हात चांगलेच पोळले. असं का झालं, हे या लेखात सांगायचं आहे.

युद्ध संपलं, गाड्या उरल्या

१९४५ मध्ये लढाई थांबली तेव्हा जगात किती मिलिटरी गाड्या होत्या याची कल्पना करणंही अवघड आहे. नुसत्या जीपच सुमारे ६ लाख ४० हजार बनल्या होत्या. विलिस कंपनीनं आणि फोर्डनं मिळून त्या बनवल्या. इकडे ल्यूटनच्या बेडफर्ड कारखान्यानं युद्धकाळात अडीच लाखांच्या आसपास लॉऱ्या बाहेर काढल्या. कॅनडातून फोर्ड आणि शेव्हरोलेचे लष्करी ट्रक लाखांनी आले होते. सैनिक घरी गेले, गाड्या मात्र इंग्लंडच्या माळरानांवर रांगा लावून उभ्या राहिल्या.

अमेरिकेचं ब्रिटनमध्ये पडून राहिलेलं सामान परत नेणं परवडणारं नव्हतं. डिसेंबर १९४५ मध्ये दोन्ही देशांनी ६५ कोटी डॉलरवर या देण्याघेण्याचा हिशेब मिटवला. त्याच वेळी ब्रिटननं ३७५ कोटी डॉलरचं मोठं कर्जही घेतलं. त्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरला गेला तो डिसेंबर २००६ मध्ये! आपल्यापैकी कितीतरी जण तोवर इथं टॅक्स भरायला लागले होते. म्हणजे त्या कर्जफेडीत आपलाही खारीचा वाटा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

युद्ध जिंकलेल्या या देशाची त्या वेळची अवस्था आज खरी वाटत नाही. युद्ध चालू असताना कधी पावावर रेशन नव्हतं. ते जुलै १९४६ मध्ये आलं आणि जुलै १९४८ पर्यंत राहिलं. पेट्रोलचं रेशनिंग तर मे १९५० पर्यंत चाललं. देशात जास्तीत जास्त धान्य पिकावं म्हणून सरकारनं १९४७ च्या शेती कायद्यानं शेतमालाला हमीभाव दिले. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे येऊ लागले, पण त्या पैशांत घ्यायचं काय? नवी गाडी मिळायला मोठी प्रतीक्षायादी, कारण पोलादाचा तुटवडा आणि बनलेल्या मालातला बराचसा निर्यातीसाठी राखलेला.

अशा वेळी शेतकऱ्याची नजर मिलिटरीच्या जुन्या गाड्यांकडे गेली तर नवल काय? नेहमीच्या मोटारीत इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना मिळायचा. चिखलात ती दोन चाकं गरगर फिरत बसली की गाडी रुतलीच म्हणून समजा. जीपमध्ये एक जादा गिअरपेटी असते. तिच्यामुळे जोर चारही चाकांना देता येतो आणि गरज पडली तर वेग कमी करून ताकद वाढवताही येते. नॉर्मंडीच्या चिखलातून तोफ ओढणाऱ्या गाडीला डर्बीशायरच्या शेतातून दुधाचे कॅन आणणं म्हणजे पोरखेळच होता.

रडिंग्टनचा बाजार

या गाड्या विकण्याचं काम सप्लाय मंत्रालयाकडे होतं. बकिंगहॅमशायरमधल्या ग्रेट मिसेंडनला त्यांचे लिलाव झाले. पण पुढे सगळ्यात नावाजलं ते नॉटिंगहॅमच्या दक्षिणेला असलेलं रडिंग्टन. युद्धात तिथं बॉम्बमध्ये दारू भरण्याचा सरकारी कारखाना होता. नंतर तिथंच मिलिटरी गाड्यांचा डेपो झाला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत लिलाव होत राहिले. मिडलंड्समधल्या आपल्या अनेक कुटुंबांनी ती जागा नक्की पाहिली असेल. तिथं आता रशक्लिफ कंट्री पार्क आहे आणि शेजारी जुन्या आगगाड्यांचं संग्रहालय. मुलं जिथं बदकांना खाऊ घालतात, तिथं एके काळी लष्करी ट्रकांच्या रांगा उभ्या असत.

रडिंग्टनच्या लिलावाबद्दल वाचताना मला सतत आपल्याकडचा बैलबाजार आठवत होता. लांबलांबून शेतकरी, गॅरेजवाले, भंगारवाले जमणार, गाड्यांभोवती फेऱ्या मारणार, बॉनेट उघडून डोकावणार. फरक एवढाच, की बैलाचे दात तोंड उघडून बघता येतात. गिअरपेटीतले दात मात्र गाडी घरी नेल्यावरच कळतात. लष्करी लिलावाचा नियम सगळीकडे एकच असतो: जसं आहे तसं, जिथं आहे तिथं. हमी नाही, परतीची सोय नाही.

या गाड्यांपैकी एकीची गोष्ट आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. तिचं नाव ‘मॅटाडोर’. ही काही आपल्याकडची टेम्पो मॅटाडोर नव्हे! ही ए.ई.सी. कंपनीची तोफा ओढणारी दणकट लॉरी. साडेपाच इंची तोफ, तिची माणसं आणि तिचा दारूगोळा एकदम नेणारी. युद्धकाळात अशा नऊ हजारांहून अधिक लॉऱ्या बनल्या. युद्धानंतर लाकूडवाल्यांनी त्या उचलल्या. जंगलातून ओंडके ओढायला आणि बंद पडलेले ट्रक रस्त्यावरून खेचून न्यायला मॅटाडोरसारखी गाडी नाही, असा तिचा लौकिक झाला. गॅरेजांच्या अंगणात त्या पुढे कित्येक दशकं राबताना दिसत.

मॅटाडोर बनली कुठं? साउथॉलला! ए.ई.सी.चा कारखाना १९२७ पासून १९७९ पर्यंत साउथॉलमध्ये होता. लंडनची प्रसिद्ध राउटमास्टर बसही याच कंपनीची. आज आपण साउथॉलला जातो ते मेथीची जुडी, हापूसची पेटी आणि जिलेबी आणायला. पण एके काळी याच उपनगरातून निघालेली यंत्रं आधी युद्धाचं आणि मग शेती-जंगलाचं ओझं वाहत होती.

ही सुखाची बाजू झाली. लिलावातली गाडी स्वस्त मिळायची, पण ती पेट्रोल प्यायची पाण्यासारखं. अमेरिकन जीपचं स्टिअरिंग डावीकडे. आणि सगळ्यात मोठी अडचण सुट्या भागांची. कारखाना अटलांटिकपलीकडे, आणि डॉलरचा इतका तुटवडा की एखादा भाग मागवायचा म्हटलं तरी परकीय चलनापाशी घोडं अडायचं. त्यामुळे हुशार शेतकरी एक गाडी चालवायला आणि दुसरी मोडून भाग काढायला घ्यायचा. ज्याला हे सुचलं नाही, त्याची गत चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी.

वेल्सच्या वाळूतली आकृती

सुट्या भागांच्या या अडचणीतूनच लँड रोव्हर जन्माला आली. मॉरिस विल्क्स हे रोव्हर मोटार कंपनीचे मुख्य अभियंते. वेल्सच्या उत्तरेला अँगलसी बेटावर त्यांची शेती होती. तिथल्या कामासाठी त्यांच्याकडे लष्करातून निघालेली एक जुनी विलिस जीप होती. ती ओढकाम करायची, माल न्यायची, वाळूतून आणि ओढ्यातून सहज जायची. पण आधीच झिजलेली, त्यामुळे सतत दुरुस्ती. मॉरिस यांचे थोरले भाऊ स्पेन्सर विल्क्स हे कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. त्यांनी एकदा विचारलं, की ही पार खिळखिळी झाली की तू काय करणार? मॉरिस यांच्याकडे एकच उत्तर होतं: दुसरी तसलीच जीप घेईन, कारण हे काम करणारी दुसरी गाडीच नाही. हा संवाद विल्क्स कुटुंबाच्या आठवणीत जपला गेला आहे.

त्या उत्तरातच धंदा दडलेला होता. १९४७ मध्ये अँगलसीच्या रेड वॉर्फ बे या किनाऱ्यावर मॉरिस यांनी ओल्या वाळूत आपल्या मनातल्या गाडीची आकृती काढून भावाला दाखवली, असं सांगतात. त्याच वर्षी रोव्हरनं पहिला नमुना तयार केला, तोही जीपच्याच सांगाड्यावर. त्याचं स्टिअरिंग ट्रॅक्टरसारखं बरोबर मध्यभागी होतं. डावीकडून चालवणारे देश आणि उजवीकडून चालवणारे देश, दोघांनाही एकच गाडी विकता यावी हा हिशेब. प्रत्यक्षात ते गैरसोयीचं ठरलं आणि सोडून द्यावं लागलं.

रोव्हर कंपनीची स्वतःची अवस्थाही नाजूक होती. कॉव्हेंट्रीचा त्यांचा कारखाना जर्मन बॉम्बहल्ल्यात सापडला होता, आणि युद्धानंतर कंपनीनं सॉलिहलच्या लोड लेनवरच्या कारखान्यात बस्तान हलवलं होतं. हा कारखाना मुळात युद्धासाठी विमानांच्या इंजिनांचं काम करायला उभारलेला. जागा भरपूर, पण पोलाद नाही. पोलाद कुणाला द्यायचं हे सरकार ठरवत होतं, आणि निर्यात करणाऱ्याला प्राधान्य होतं. मोटार कारखानदारांनी निम्मा माल परदेशी विकलाच पाहिजे, असं १९४५ मध्ये ठणकावून सांगणारे व्यापारमंत्री कोण होते, तर सर स्टॅफर्ड क्रिप्स. १९४२ मध्ये योजना घेऊन दिल्लीला आलेले तेच हे क्रिप्स!

रोव्हरच्या अभियंत्यांनी मग आहे त्यात भागवलं. विमानांचं उत्पादन थांबल्यामुळे ॲल्युमिनियम मुबलक होतं. म्हणून गाडीचा पत्रा ‘बर्माब्राइट’ नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून पत्रे सपाट ठेवले. वाकवायचे ते साध्या हत्यारांनी. रंगही विमानांसाठी आणलेल्या साठ्यातला, फिकट हिरवा. आज जी चौकोनी ढब बघून लोक हरखतात, ती सौंदर्यदृष्टीतून आलेली नाही, ती आली ओढगस्तीतून. दोन्ही आसांमधलं अंतर तेवढं जीपइतकंच, म्हणजे ८० इंच ठेवलं होतं.

३० एप्रिल १९४८ रोजी ॲम्स्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. किंमत ४५० पौंड. गाडीच्या इंजिनाचा जोर बाहेर काढून पट्ट्यानं मळणीयंत्र किंवा लाकूड कापायची करवत चालवता येई. वेळ पडली तर नांगरही ओढता येई. दोन-तीन वर्षं कशीबशी तग धरायची, तोवर मोटारींचा धंदा सावरेल, एवढीच कंपनीची माफक अपेक्षा होती. प्रत्यक्षात थोड्याच काळात रोव्हरच्या ऐटबाज मोटारींपेक्षा ही शेतकऱ्याची गाडी जास्त खपू लागली.

मॉरिस विल्क्स यांनी जीपची नुसती नक्कल केली नाही. जी अडचण त्यांना शेतावर रोज भेडसावत होती, तिच्यावर त्यांनी उपाय शोधला. गाडी आपली, भाग आपले, दुरुस्ती आपल्या गावात. पुढच्या दोन गोष्टी वाचताना एवढं मनात ठेवा.

पी हळद आणि हो गोरी

याच सुमारास ब्रिटिश सरकारनंही जुन्या लष्करी यंत्रांनी शेती करून पाहिली, पण फार मोठ्या प्रमाणावर आणि फार घाईनं. देशात तेला-तुपाची टंचाई होती. तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, तीस लाख एकरांवर जंगल साफ करून भुईमूग लावायचा, त्याचं तेल काढायचं आणि ब्रिटनमधल्या मार्गारीनचा प्रश्न सोडवायचा, अशी योजना १९४७ मध्ये सुरू झाली.

नवे ट्रॅक्टर पुरेसे मिळेनात. मग युद्धातून उरलेले जुने ट्रॅक्टर अगदी फिलिपिन्सपासून गोळा केले. व्हिकर्स कंपनीनं तर शर्मन रणगाड्यांवरून नवे ट्रॅक्टर तयार केले. ‘शर्मन’ आणि ‘व्हिकर्स’ मिळून त्यांचं नाव पडलं ‘शर्विक’. रणगाड्याचा नांगर ही कल्पना ऐकायला किती छान! पण कोंग्वाची जमीन पाऊस संपला की दगडासारखी टणक व्हायची, बाओबाबची अजस्र झाडं हलता हलेनात, आणि आणलेल्या ट्रॅक्टरांपैकी बहुतेक काही महिन्यांतच बंद पडले. दुरुस्तीची कार्यशाळा अपुरी, भाग दूरदेशी. भुईमूग पिकवलेल्या कुठल्याही सोलापूरच्या शेतकऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की शेंग उपटायची तर जमीन भुसभुशीत हवी. जानेवारी १९५१ मध्ये योजना गुंडाळली, तेव्हा सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड पाण्यात गेले होते.

आपल्याकडचं ‘डिस्पोजल’

आमच्या आजोबांच्या तोंडी एक शब्द होता: ‘डिस्पोजल’. डिस्पोजलचा कोट, डिस्पोजलची ताडपत्री, डिस्पोजलचा ट्रक. लहानपणी मला वाटायचं, हे एखाद्या कंपनीचं नाव असेल. पुढे कळलं, की युद्धानंतर सरकारच्या डिस्पोजल खात्यानं विकलेला लष्करी माल तो डिस्पोजलचा. खडकी, देवळाली, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही महाराष्ट्रातली मोठी लष्करी ठाणी. त्यामुळे हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोचला. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आजही त्या काळातली यंत्रं बघायला मिळतात. पुढच्या भारतभेटीत मुलांना जरूर न्या.

आजोबा सांगायचे, की आमच्या गावातल्या एका बागायतदारानं गुळाच्या ढेपा बाजारात न्यायला असाच एक डिस्पोजलचा ट्रक आणला होता. पहिल्या हंगामात त्याचा रुबाब काय वर्णावा! बैलगाड्या संध्याकाळी पोचायच्या, ट्रक सकाळीच रिकामा होऊन परत. दुसऱ्या हंगामात त्याचा कुठला तरी एक भाग तुटला. सांगली झाली, कोल्हापूर झालं, मुंबईपर्यंत माणूस पाठवला. भाग काही मिळाला नाही. मग तो ट्रक चिंचेखाली उभा राहिला तो कायमचा. पुढे त्यात कोंबड्या अंडी घालायच्या, आणि पोरं स्टिअरिंगवर बसून तोंडानं घुर्रघुर्र करत “बर्लिनला” जायची.

गावात जे झालं तेच देशपातळीवरही दिसतं. १९४७ मध्ये केंद्र सरकारनं अमेरिकन सैन्यानं मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन सुरू केली. मध्य भारतात कास नावाच्या खोल मुळांच्या गवतानं लाखो एकर जमीन गिळली होती, ती मोडून काढायची होती. काम चांगलं झालं, पण जुनी यंत्रं किती दिवस पुरणार? १९४९ मध्ये नव्या यंत्रांसाठी जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं.

आणि मग ते गाजलेलं जीप प्रकरण. त्याचा धागा थेट लंडनमध्ये, ऑल्डविचच्या इंडिया हाऊसपर्यंत येतो. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू होती, सैन्याला जीप तातडीनं हव्या होत्या. तेव्हाचे भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपसाठी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून ८० लाख रुपयांचा करार केला. भारतात पोचल्या त्या १५५ जीप, आणि त्याही कामाच्या नाहीत म्हणून ओरड झाली. स्वतंत्र भारताच्या संसदेत गाजलेलं खरेदीचं हे पहिलं मोठं प्रकरण. १९५५ मध्ये सरकारनं ते बंद केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन केंद्रात मंत्री झाले. हेतूबद्दल लोक आजही वाद घालतात. पण घाईनं जुनी गाडी घेतली तर काय होतं, हे मात्र सगळ्यांना कळलं.

आता याच जीपची दुसरी बाजू. मूळचे लुधियानाचे महिंद्र बंधू, जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र, यांनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. धंदा पोलादाचा, ठिकाण मुंबई. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरलही झाले; इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. कैलाशचंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते. तिथं त्यांनी जीप पाहिली आणि ती घडवणाऱ्या विलिसच्या अभियंत्याशी, बार्नी रूस यांच्याशी त्यांची गाठ पडली. भारतातल्या कच्च्या रस्त्यांना हीच गाडी हवी, हे त्यांच्या मनानं घेतलं.

लिलावातल्या जुन्या जीप घेऊन विकणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. विलिसकडून नव्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जोडायला सुरुवात केली. पहिली खेप होती ७५ गाड्यांची. मग हळूहळू एकेक भाग इथंच बनवायला घेतला. १९६३ मध्ये कांदिवलीला ट्रॅक्टरसाठी वेगळी कंपनी काढली. भाग गावोगावी मिळू लागले आणि तालुक्याच्या ठिकाणचा कुठलाही मिस्त्री डोळे मिटून जीप खोलू आणि जोडू लागला. म्हणून तर आमच्या फाट्यावरची वडाप इतकी वर्षं अठरा माणसं घेऊन धावू शकली. डिस्पोजलचा ट्रक चिंचेखाली आणि महिंद्रची जीप रस्त्यावर, हा फरक कशामुळे पडला ते आता वेगळं सांगायला नको.

चक्र पूर्ण

इकडे ब्रिटनमध्ये तर गंमतच झाली. लष्कराच्या गाडीवरून शेतकऱ्याची गाडी निघाली होती. आता ती शेतकऱ्याची गाडी लष्करानं उचलली. १९४९ पासून ब्रिटिश सैन्य लँड रोव्हर घेऊ लागलं. खरं तर सैन्याला स्वतःची, जीपपेक्षा सरस अशी गाडी हवी होती. ती त्यांनी बनवून घेतलीही. ‘ऑस्टिन चॅम्प’ नावाची ही गाडी पुढे पाच आणि मागेही पाच गिअरवर धावायची! पण ती लँड रोव्हरपेक्षा फारच महाग आणि गुंतागुंतीची पडली. १९५० च्या दशकात अकरा हजारांच्या आसपास बनल्या आणि काही वर्षांतच त्या लिलावात निघाल्या. शेतकऱ्यांनी त्याही घेतल्या. राज्य केलं ते साध्या लँड रोव्हरनंच. आणि सैन्यात वापरून जुन्या झालेल्या लँड रोव्हर कुठं विकल्या जायच्या? त्याच लिलावांत, पुन्हा शेतकऱ्यांनाच.

हे आजही थांबलेलं नाही. संरक्षण खात्याच्या निरुपयोगी झालेल्या लँड रोव्हर आणि ट्रक आजही विकले जातात. खेड्यात राहायला गेलेल्या, दोन-चार एकर जमीन घेतलेल्या आपल्या काही मित्रांना असा मोह होतो, हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी दोन शब्द. साडेतीन टनांवरच्या ट्रकला साध्या मोटारीचं लायसन्स चालत नाही. ज्यांनी इथली परीक्षा १ जानेवारी १९९७ पूर्वी दिली, त्यांना साधारणपणे साडेसात टनांपर्यंतची मुभा असते. बाकीच्यांना वेगळी परीक्षा द्यावी लागते. आणि गाडी बघायला जाण्याआधी त्या गाडीचे भाग कुठं मिळतात, ते बघा. किंमत नंतर विचारा.

मूळ घडणीची शेवटची लँड रोव्हर डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. ६८ वर्षांत वीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. नव्या घाटाची आजची डिफेंडर स्लोव्हाकियात बनते. त्याआधीच, जून २००८ मध्ये, टाटा मोटर्सनं फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि २०११ पासून पुण्याजवळ चिखलीला लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली. पुणे-पिंपरीहून आलेली कितीतरी मराठी मुलं-मुली आज सॉलिहल, गेडन आणि वॉरिकला याच कंपनीत काम करताहेत. आपल्या गणपतीच्या आरतीला टाळ वाजवणाऱ्यांतही ती आहेत.

म्हणजे बघा. अमेरिकेत बनलेली एक गाडी युद्धासाठी निघाली. तिच्यावरून एकानं वेल्सच्या शेतात बसून विचार केला, दुसऱ्यांनी मुंबईत. त्यांतला एक धंदा फिरून पुणेकरांच्या हाती आला. जुनी वस्तू घेताना “ही मोडली तर मी काय करीन?” एवढं ज्यांनी स्वतःला विचारलं, ते तरले. ज्यांनी नुसतं स्वस्त बघितलं, त्यांच्या हाती चिंचेखालचा ट्रक राहिला.

परक्या देशात येऊन संसार मांडताना आपणही मागच्यांनी सोडलेलं बरंच काही उचलतो: जुनं घर, जुनी मोटार, इथल्या रीतीभाती. ते आपलं कधी होतं? माझ्या मते, ते दुरुस्त करायला आपण शिकतो त्या दिवशी.

गेडनहून निघताना धाकटीनं ह्युईला हात हलवून ‘बाय’ केलं. आता पुढच्या सुट्टीत आजीकडे गेलो की वडापच्या ड्रायव्हरला ती हे सगळं सांगणार आहे म्हणे. तो अजून एक शीट मिळेपर्यंत थांबलेलाच असेल. त्यामुळे पूर्ण गोष्ट सांगायला तिला वेळ भरपूर मिळेल.